पावसाळ्यात फुगलेलं दार लगेच रंधून घ्यावं?

'लाकडी दार पावसात फुगलं की रंधा मारा, काम झालं' असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो. रंधल्यावर दार लागतं, म्हणून तो पटतोही. पण मार्चमध्ये त्याच कडेला फट दिसू लागते.

लाकूड ओल शोषून फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेला. लांबीला फुगणं जवळपास नसतंच. म्हणून घरचं असो वा गॅरेजचं, दार कुलपाच्या बाजूला उभं घासत असेल तर ओल कारण असू शकते. फक्त खालचा कोपरा जमिनीला घासत असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुतेकदा तेच सैल असतात.

ओलीची खात्री सोपी आहे. दाराची रुंदी ऑगस्टमध्ये आणि मार्चमध्ये एकाच जागी मोजा. मग दाराखाली मोबाइल सरकवून खालच्या कडेचा फोटो काढा. बरेचदा ती कोरी दिसते, कारण दार बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. आणि लाकडाच्या रेषा जिथे कापलेल्या असतात, त्या टोकांतून पाणी सगळ्यात वेगाने शिरतं.

तेव्हा पावसाळाभर थांबा. घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळली की तात्पुरतं भागतं. कोरड्या दिवसांत दार उतरवा, खालची कड स्क्रूड्रायव्हरने टोचा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय; त्यावर लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही, घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडा. मग वरच्या-खालच्या कडांना प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात. एवढं करूनही पुढच्या पावसात घासलं, तर रंधा काढा, आणि रंधलेली कड त्याच दिवशी रंगवा.