पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतं? सिलिकॉनची ट्यूब फोडण्याआधी हे वाचा

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

मृगाचे दोन-चार दणके बसले की आमच्या दारात एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. "भाऊ, पायाखाली पाणी साचून राह्यलं, अन् वरून तर कुठंच गळत नाही." बहुतेकांनी तोवर काचेच्या कडेनं सिलिकॉन फासलेलं असतं, काहींनी दोनदा. पाणी थांबलेलं नसतं, कारण ते जिथं दिसतं तिथून आत शिरलेलंच नसतं. छताच्या पत्र्याला धरून, खांबाच्या पोकळीतून, वायरच्या अंगानं ते उतरत जातं आणि सगळ्यात खोलगट जागी, म्हणजे मॅटखाली, येऊन बसतं. शिरण्याची जागा सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ निघते. खरा वेळ शोधण्यात जातो, आणि शोधण्याचं बरंचसं काम तुम्ही घरच्या अंगणात करू शकता.

पाणी पावसाळ्यात दिसतं, वाट उन्हाळ्यात पडते

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. काचेचं रबर आणि दरवाजाची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) कडक होते, आकसते, कोपऱ्यात चिरते. पत्र्याच्या सांध्यांत कंपनीतून भरलेलं सीलंट तडकतं. त्यात आपले पांदण रस्ते. पावसात रुतून पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या वाळतात, आणि भरलेली गाडी त्यावरून जाताना एक चाक वर, एक खाली. केबिन अक्षरशः पिळली जाते. सांध्यातली केसाएवढी भेग तेव्हाच पडते, पाऊस ती फक्त दाखवून देतो.

दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या ग्राहकांना एक जास्तीची अडचण. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की क्षार पत्र्याच्या सांध्यांत बसतो आणि गंज लवकर चढतो. शक्य असेल तर शेवटचा हात नळाच्या गोड्या पाण्याचा मारा. पण या खाऱ्या पाण्याचा एक उपयोगही आहे. ते वाळलं की पांढरी रेघ सोडतं. मॅट उचलून, डॅशबोर्डखाली बॅटरी मारून पाहा. पांढरा ओघळ दिसला तर त्याचा माग वर-वर काढत जा. निम्मा तपास तिथंच होतो.

आधी पाणी कोणतं ते ओळखा

पांढऱ्या फडक्यानं मॅटखालचं पाणी टिपा. स्वच्छ असेल तर पावसाचं किंवा एसीचं. एसीचं कसं ओळखायचं? पाऊस नसतानाही क्लीनर साइड (ड्रायव्हरच्या शेजारची बाजू) ओली होते, आणि दमट दिवशी एसी चालू असताना गाडीखाली एरवी टपकतं तसं टपकत नाही. म्हणजे एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय. पाणी गढूळ असेल तर ते खालून येतंय. फरशीच्या पत्र्यात कारखान्यातूनच गोल भोकं असतात, त्यांना रबरी बूच बसवलेलं असतं. चिखलातून काढताना एखादं निघून पडतं. नवीन बूच बसवलं की झालं.

पाणी हिरवं किंवा गुलाबी, बोटाला चिकट, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. हीटरची जाळी किंवा तिचा होज फुटलाय. अशी गाडी तशीच पळवू नका, रेडिएटरमधलं पाणी कमी होत जाऊन इंजिन तापेल. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे दरवर्षी सांगतो, तरी दरवर्षी एखादा हात भाजून घेतोच.

वायपरखालची जाळी

इथं आमचीच एक चूक सांगतो. दोन पावसाळ्यांमागे सोयाबीनवाले एक कास्तकार गाडी घेऊन आले. क्लीनरच्या पायाशी पाणी. समोरच्या काचेचं रबर वरून चिरलेलं दिसत होतं, आम्ही लगेच ते बदललं. आठ दिवसांत परत आले अन् म्हणाले, "मिस्तरी, रबर नवं, पाणी जुनंच." मग वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. खाली कडुनिंबाचा पाला, कापसाचे पुंजके आणि माती यांचा कुजून झालेला बचकभर गोळा, थेट निचऱ्याच्या भोकावर बसलेला. हातानं काढला तसं अडलेलं पाणी भळकन चाकामागून खाली पडलं. रबराची मजुरी आम्ही परत दिली. तेव्हापासून कोणतीही गाडी आली तरी पहिल्यांदा जाळी काढतो.

होतं असं. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून जमिनीवर जातं. त्याच पन्हळीतून ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, आणि त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत क्लीनरच्या बाजूला असतं. भोकं तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून सरळ आत. बाहेरून काहीच फुटलेलं नसतं, त्यामुळं कितीही सिलिकॉन फासा, फरक पडत नाही.

तुमची गाडी कडुनिंबाखाली किंवा जिनिंगच्या आवारात उभी राहत असेल तर महिन्यातून एकदा एवढं करा: तांब्याभर पाणी जाळीत ओता आणि गाडीखाली पाहा. दोन्ही चाकांमागून धार पडली पाहिजे. एकीकडूनच पडली किंवा नुसतं ठिबकलं, तर साफ करायची वेळ झाली. पऱ्हाटीची काडी घालून टोचू नका, ती आत मोडते आणि मग आम्हाला ती काढत बसावं लागतं.

भरलेल्या गाडीतच गळतं, रिकाम्या नाही?

मग ताडपत्री पाहा. माल भरून ताडपत्री बांधली की केबिनच्या मागं झोळ पडतो आणि त्यात बादलीभर पाणी साचतं. गतिरोधकावर ब्रेक दाबला की ते सगळं एकदम पुढं येऊन मागच्या काचेवर आदळतं. साधा पाऊस सोसणारं रबर एवढा लोंढा सोसत नाही. पाणी सीटच्या पाठीमागून उतरतं, सीटखाली जातं, आणि तिथं जॅक-पाने ठेवलेले असल्यामुळं महिनोन् महिने कुणी पाहत नाही. मागच्या काचेचं रबर तपासाच, पण आधी ताडपत्री बांधण्याची पद्धत बदला. पुढच्या बाजूला आडवा बांबू देऊन उतार मागं किंवा बाजूला काढा. यासाठी गॅरेजला यायची गरज नाही.

छतावरचा कॅरिअर, हौसेनं लावलेले दिवे, एरिअल यांसाठी ज्यानं भोकं पाडली त्यानं बोल्टखाली रबरी वॉशर घातला होता का, हेही पाहा. बऱ्याचदा नसतोच. अशा बोल्टचं पाणी छताच्या आतल्या कापडावरून सरकत खांबात जातं आणि काच गळतेय असं वाटतं.

दरवाजे

खाली-वर होणाऱ्या काचेच्या फटीतून दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच. ते तसंच ठरवलेलं आहे. आत गेलेलं पाणी दरवाजाच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि ते केबिनकडं येऊ नये म्हणून आतल्या पॅडमागे (दरवाजाच्या आतल्या आवरणामागे) प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेचं मशीन बदलताना हा कागद टराटरा फाडला जातो आणि परत कुणी लावत नाही. दरवाजाजवळची मॅट ओली आणि पॅडचा खालचा काठ फुगलेला दिसला तर नव्वद टक्के खात्रीनं हेच समजा. जाड प्लॅस्टिकचा कागद, कडेनं ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि कागदाचा खालचा काठ दरवाजाच्या पोटात सोडलेला, एवढं पुरतं. खालची भोकं चिखलानं बुजलेली असतात, तीही मोकळी करा. दरवाजा हलवल्यावर आत पाणी खळखळ वाजत असेल तर भोकं बुजलेलीच आहेत, तपासायचंही काम नाही.

बीडिंग धरते का हे पाहायला वर्तमानपत्राची पट्टी घ्या. दरवाजात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून बंद करा आणि ओढा. घट्ट, अडत-अडत आली पाहिजे. अलगद निसटली तर तिथं फट. पण लगेच नवी बीडिंग मागू नका. दरवाजाला लोंबकळत चढणारी माणसं बसवून बिजागऱ्या झिजतात, दरवाजा मागून खाली बसतो आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. अशा वेळी बिजागरी आणि कडी बसती करावी लागते. बीडिंग तशीच चालते.

पाइप लावून तपासणी

दोन माणसं हवीत. एक आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाइप धरून. पॅड, मॅट, डॅशखालचं झाकण आधी काढा आणि आतल्या कोरड्या पत्र्यावर, सांध्यांच्या खाली, शाळेतल्या खडूनं जाड रेघा ओढा. पाणी जिथून उतरेल तिथली रेघ विरघळते, डोळा चुकला तरी रेघ चुकत नाही.

पाणी खालून वर मारत जायचं. आधी दरवाजाचा तळ आणि चाकामागचा पत्रा, मग वायपरची जाळी, मग काचेचा खालचा काठ, बाजू, आणि छत सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडंच पोचतं आणि कळत काहीच नाही. प्रत्येक जागी निदान पाच मिनिटं, पाइप नुसता सोडलेला, अंगठा दाबून फवारा नको. सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं तर मुळीच नको. तो फवारा चांगल्या रबराखालूनही पाणी घुसवतो आणि नसलेला दोष दाखवतो. सपाट जागी गळत नसेल तर गाडी उतारावर, मग उलट्या तोंडानं उभी करून पुन्हा मारा.

एकटेच असाल आणि गाडीला ब्लोअर असेल तर दुसरी युक्ती आहे. हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, ब्लोअर पूर्ण जोरात, काचा-दरवाजे बंद. बाहेरून संशयाच्या जागी साबणाचा फेस लावा. फट असेल तिथं बुडबुडे धरतात.

इंजिनाच्या बाजूनं येणाऱ्या वायरी, क्लचची केबल, स्टिअरिंगचा दांडा जिथं पत्र्यातून आत शिरतात तिथली रबरं विसरू नका. कुणी हॉर्नची किंवा दिव्याची नवी वायर ओढताना रबराला चीर दिलेली असते. वायरच्या अंगानं उतरलेलं पाणी थेट फ्यूजबॉक्सवर पडतं. हॉर्न आपोआप वाजणं, इंडिकेटर वेडेवाकडे चालणं ही त्याची लक्षणं. तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडी आणा, बाकी तपास नंतर.

काय लावायचं, काय नाही

ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते बाजारातलं स्वस्त सिलिकॉन गाडीला लावू नका. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी पुढं दुसरं सीलंट धरत नाही की रंग धरत नाही. ते खरवडायला आम्हाला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ती मजुरी तुमच्याच बिलात येते. एम-सील टाकीला, नळाला उत्तम. केबिनचा पत्रा हलतो, एम-सील हलत नाही, म्हणून ते तडकतं. डांबर तर उन्हाळ्यात वितळून सीटवर येतं, तेही पाहिलंय.

पत्र्याच्या सांध्यांना आम्ही पॉलीयुरेथेनचं सीलंट वापरतो. जागा खरवडून, गंज काढून, प्रायमर मारून, पूर्ण कोरडी झाल्यावरच. ओल्या पत्र्यावर ते चिकटत नाही, म्हणून पाऊस चालू असताना "उभ्या-उभ्या मारून द्या" म्हणू नका. गाडी निदान रात्रभर ठेवावी लागते.

समोरच्या काचेचे दोन प्रकार. जुन्या धाटणीच्या गाड्यांत काच रबरात बसते. रबर मऊ असेल तर त्याचा ओठ उचलून आत न सुकणारं सीलंट भरता येतं, कडक झालं असेल तर रबर बदलायचं. ते बसवताना पाहण्यासारखं असतं: रबराच्या खाचेत सगळीकडून सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून सुतळी हळूहळू ओढायची. रबराचा ओठ सुतळीमागोमाग पत्र्यावर चढत जातो. नव्या गाड्यांत काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि केबिनच्या मजबुतीचा काही भार तिच्यावर असतो. तिच्या कडेनं वरवर काही फासणं म्हणजे फसवणूक. ती काढून नव्यानंच चिकटवायची असते.

ओल राहिली तर

गळती बंद झाली तरी काम संपत नाही. मॅटखालचा नमदा (गादीसारखा जाड थर) पाणी धरून ठेवतो. वरून कोरडा लागतो, पिळला तर धार निघते. सीटचे बोल्ट सोडून नमदा बाहेर काढा. श्रावणात ऊन नसतं, पंख्याखाली दोन-तीन दिवस लागतात. खालच्या पत्र्यावर नुसता लाल रंग चढला असेल तर तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर पुरेल. पेचकसाचं टोक आत जात असेल तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागतो. त्याचं वेल्डिंग रस्त्याकडेला करून घेऊ नका, खालून डिझेलची नळी आणि वायरिंग जातं.

आमच्याकडे येणार असाल तर

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा, आम्ही काच किंवा पॅड उघडलं की तुमचा हक्क अडचणीत येऊ शकतो. बाकी गाड्यांची तपासणी सकाळी करतो, साधारण अर्धा दिवस लागतो. तपासणीचे पैसे वेगळे, पण दुरुस्ती इथंच केली तर ते बिलातून वळते करतो. जागा सापडली नाही तर काही घेत नाही. पोळ्याच्या आठवड्यात गर्दी असते, आधी सांगून या.

आणि येताना केबिन पुसून, मॅट वाळवून, स्वच्छ करून आणू नका. लाज वाटते म्हणून बरेच जण तसं करतात. आम्हाला ती ओली मॅट आणि तो ओघळ जसा आहे तसाच हवा आहे.