भूदान आणि ग्रामदान एकच नव्हे

विनोबांचा विषय निघाला की लोक भूदान-ग्रामदान एका दमात बोलून मोकळे होतात, जणू काही एकच गोष्ट आहे, पण फरक आहे आणि तो थेट सातबाऱ्यावर दिसतो.

भूदान समजायला सोप्पं. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर मागितले तर गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी तिथेच उठून म्हणाले, मी 100 देतो. तिथून विनोबा गावोगाव पायी फिरत सुटले, तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या म्हणत. यात मालक मालकच राहतो, एक तुकडा तेवढा त्याच्या नावावरून कमी होऊन भूमिहीनाकडे जातो. (बऱ्याच जणांनी खडकाळ, पडीक नाहीतर कोर्टात अडकलेली जमीन देऊन पुण्य पदरात पाडून घेतलं, तो भाग वेगळा.)

ग्रामदानात जमीन ग्रामसभेच्या नावे होते. सुरुवात 1952 ला उत्तर प्रदेशातल्या मंगरोठपासून, मग 1965 च्या आसपास विनोबांनी अटी सैल करून सुलभ ग्रामदान आणलं. म्हणजे मालकी ग्रामसभेची, विसावा हिस्सा भूमिहीनांना, उरलेली तुम्हीच कसा, तुमच्या मागे पोरंही कसतील, पिकातला चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात टाका, फक्त ग्रामसभेला डावलून विकायची नाही.

आता 12 एकरवाल्याचा हिशोब करा. भूदानात सहाव्या हिश्श्याने 2 एकर जातात, सुलभ ग्रामदानात फक्त 24 गुंठे. तरी माणूस 2 एकर देईल, 24 गुंठ्यांवर सही करताना अडेल, कारण तिथे उरलेल्या जवळपास साडेअकरा एकरांवरचं "माझं" पण सोडायचं असतं. पोरीच्या लग्नाला तुकडा काढू, हायवे आला की भाव येईल, हे सगळं बंद. माझ्या मते भूदान हे औदार्य आणि ग्रामदान हा त्याग, आणि दुसरं कितीतरी अवघड.

महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा 1964 चा आहे, पण अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव, त्यांनी 2013 ला ग्रामदान ठरवलं. तिथे जंगल आधीच गावाने मिळून सांभाळलेलं, बांबूचा पैसा ग्रामसभेत येणारा, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने, त्यामुळे शेताची पाळी आली तेव्हा त्यांना ते फार परकं वाटलं नसणार. पुण्याजवळच्या एखाद्या गावात हेच मागून बघा, प्लॉटिंगवालेच आधी अंगावर येतील.