क्षमता माणसात, की माणसांमध्ये?

मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सायकलच्या ब्रेकविषयी होता. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाला लागणाऱ्या या ब्रेकचे पंधरा सुटे भाग होते, आणि त्यांचा क्रम चुकला किंवा एखादा भाग उलटा बसला, तर सगळी जोडणी वाया जात असे. संरक्षित कार्यशाळांमध्ये, म्हणजे दिव्यांगांसाठीच चालवलेल्या कामाच्या जागी, साधी, एकसुरी कामे करणाऱ्या आणि मध्यम किंवा तीव्र बौद्धिक दिव्यांगता असलेल्या चौसष्ट व्यक्तींना गोल्डने ही जोडणी शिकवायला घेतली. त्याने लांबलचक सूचना टाळल्या, कामाचे लहान लहान टप्पे पाडले, आणि काही जणांसाठी प्रत्येक भागाची जी बाजू समोर यायला हवी, तिच्यावर रंगाचा एक हात फिरवला. रंगाची खूण मिळालेले लोक इतरांपेक्षा बरेच लवकर शिकले. पुढे चोवीस भागांचा, अधिक गुंतागुंतीचा ब्रेक जोडण्याच्या कामीही हे शिक्षण आले.

रंगाच्या त्या हाताने कोणाचाही बुद्ध्यांक वाढला नव्हता. बदलली होती ती टेबलावरची मांडणी आणि शिकवणाऱ्याची पद्धत. शिकणाऱ्याला जमत नसेल तर शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावी, असा आग्रह गोल्डने पुढे आयुष्यभर धरला. विकासात्मक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींना समाजाने कसा आधार द्यावा, याचा विचार याच टेबलापासून सुरू करावा असे मला वाटते, कारण आधार म्हणजे नेमके काय, हे तेथे डोळ्यांना दिसते.

बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम अशा अनेक स्थितींना मिळून विकासात्मक दिव्यांगता म्हणतात. त्या मेंदूच्या आणि शरीराच्या घडणीच्या काळात सुरू होतात आणि बहुधा जन्मभर सोबत राहतात. त्यांपैकी एकट्या बौद्धिक दिव्यांगतेचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का मानले जाते. फार काळ या व्यक्तींची वर्गवारी सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशी होत असे, आणि अंतर मोजण्याचे माप बुद्ध्यांक हे होते. या क्षेत्रातील अमेरिकेच्या सर्वांत जुन्या व्यावसायिक संघटनेने १९९२ साली ही चौकट बाजूला ठेवली आणि प्रश्नच बदलला. या व्यक्तीला कोणत्या कामात किती आधार लागतो, तो अधूनमधून लागतो, ठरावीक काळापुरता लागतो, रोज लागतो की अष्टौप्रहर लागतो, असे विचारले जाऊ लागले. एकाच माणसाला पैशांच्या व्यवहारात रोज मदत लागेल आणि बसने प्रवास करताना काहीच लागणार नाही, ही साधी गोष्ट जुन्या वर्गवारीत नोंदवण्याची सोयच नव्हती.

भोवतालचा परिणाम किती खोलवर पोहोचतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांच्या कामातून दिसले. लंडनमधील फाउंटन हॉस्पिटल या मोठ्या संस्थेत राहणारी, बौद्धिक दिव्यांगता असलेली सोळा मुले त्यांनी १९५८ साली ब्रुकलँड्स नावाच्या एका घरात आणली, आणि वय व क्षमतेने त्यांच्याशी जुळणारी दुसरी सोळा मुले संस्थेतच राहिली. ब्रुकलँड्समध्ये मुले कुटुंबासारख्या लहान गटांत राहत, ठरावीक मोठी माणसे त्यांची देखभाल करत, आणि दिवसाचा बराचसा वेळ बालवाडीत जावा तसा खेळण्यात जाई. दोन वर्षांनी तपासणी केली, तेव्हा संस्थेतील मुलांचे भाषिक मानसिक वय, म्हणजे त्यांची भाषा ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलासारखी असते ते वय, सरासरी सहा महिन्यांनी वाढले होते, तर ब्रुकलँड्सच्या मुलांचे चौदा महिन्यांनी. चोवीस महिन्यांत चौदा ही वाढदेखील सर्वसाधारण मुलांपेक्षा कमीच आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही, कारण दिव्यांगता नाहीशी झाली असा टिझार्ड यांचा दावाच नव्हता. तरीही संस्थेतील मुलांच्या मंद वाढीचा जो वाटा सगळेजण मुलांच्या मेंदूच्या खात्यावर मांडत होते, त्यातला बराचसा त्या प्रशस्त, निर्जीव वॉर्डांचा होता.

मोठ्या संस्थांमधून बाहेर पडून वस्तीत राहायला येणे ही त्यामुळे पहिली पायरी ठरते. पुढची पायरी अवघड आहे. एखादी व्यक्ती वस्तीत राहते, दुकानात जाते, बागेत फिरते, आणि तरी तिला नावाने हाक मारणारे कोणी नसते. तिच्या आयुष्यातील माणसे म्हणजे कुटुंबीय आणि पगारी मदतनीस, एवढीच असतात. नुसत्या शेजाराने पूर्वग्रह विरघळत नाहीत, हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडले होते. दोन्ही बाजूंना समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी परस्परांची खरी गरज आणि त्यामागे संस्थेचे किंवा नियमांचे पाठबळ असेल, तर संपर्कातून आपुलकी निर्माण होण्याची शक्यता वाढते. म्हणून वर्षातून एकदा दिव्यांगांसाठी भरवलेल्या कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याला होणारा गायनवृंदाचा सराव अधिक उपयोगी, कारण सरावाला एक आवाज कमी पडला तर तो सर्वांनाच जाणवतो.

संवादाच्या अडचणीचा भारही आपण सवयीने एकाच बाजूवर टाकतो. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले की स्वमग्न आणि इतर व्यक्ती परस्परांना समजून घेण्यात कमी पडतात, ही उणीव दुतर्फा आहे. एडिनबरो येथील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ते तपासले. आठ आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकान पुढे सांगितली गेली, तेव्हा केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली, आणि मिश्र साखळीत मात्र तिचे तपशील झपाट्याने गळाले. तीनशेहून अधिक जणांवर नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतील ही घट आढळली नाही, त्यामुळे त्या निष्कर्षावर फार भार टाकणे योग्य नाही. स्वमग्न व्यक्ती परस्परांशी माहितीची उत्तम देवाणघेवाण करतात, हा भाग मात्र दोन्ही अभ्यासांत कायम राहिला.

निर्णयांच्या बाबतीतही विचार असाच सरकला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या दिव्यांगांच्या हक्कविषयक कराराचे बारावे कलम कायद्यासमोर समान मान्यता देते आणि निर्णय घेण्यासाठी लागणारा आधार पुरवण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते, तर एकोणिसावे कलम कोठे आणि कोणासोबत राहायचे, हे निवडण्याचा हक्क सांगते. व्यवहारात हा आधार फार साध्या रूपात येतो. एका वाक्यात एकच मुद्दा असलेला आणि शेजारी चित्र दिलेला मजकूर, उत्तरासाठी घाई न करता दिलेला वेळ, आणि दोन पर्याय नुसते तोंडी न सांगता प्रत्यक्ष नेऊन दाखवणे, यांमुळे निर्णय त्या व्यक्तीचा राहतो.

या सगळ्याच्या तळाशी पालकांचा एक प्रश्न असतो, आणि तो ऐकताना मन हेलावते: आमच्या पश्चात याचे कसे होणार? त्यावर पैशांची तरतूद हवीच, पण अनेक देशांत रुजलेले आधारवर्तुळ हे एक उत्तर अधिक ऐकले जावे असे वाटते. पाचसहा माणसे, त्यांत भावंड असेल, शेजारी असेल, जुने शिक्षक किंवा कामावरचा सोबती असेल, ठरावीक काळाने एकत्र बसतात. कोणाला बोलवायचे, हे शक्य तितके त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते, आणि बोलणे तिला काय हवे आहे येथून सुरू होते.

अशा वर्तुळाचा एक उपयोग थेट आरोग्याशी जोडलेला आहे. दुखणे शब्दांत सांगता न येणारी व्यक्ती वेदनेने चिडते, डोके आपटते किंवा जेवण नाकारते, आणि हे वागणे दिव्यांगतेचाच भाग समजून मूळ आजाराकडे दुर्लक्ष होते. या चुकीची नोंद संशोधकांनी १९८२ सालापासून घेतलेली आहे, आणि ती आजही होते. दाढ दुखली की हा मुलगा कान चोळतो, हे बहुधा एकट्या आईला ठाऊक असते. वर्तुळातील दोघातिघांना ती खूण माहीत असेल, तर आई स्वतः रुग्णालयात असलेल्या आठवड्यातही कोणीतरी त्याचा चोळलेला कान पाहते आणि त्याच दिवशी दंतवैद्याची वेळ घेते.