सरकारी अनुदान: अर्जाआधी संस्थेची लेखी कार्यपद्धती हवी

गोव्यात फोंड्यातले नाट्यमंडळ असो वा पेडण्यातले वाचनालय, अर्जाचे कागद जमवायला सगळे धावतात. मिळालेला पैसा कोण, कसा खर्च करणार हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पुढचा हप्ता अडतो तो बहुधा त्यामुळेच. म्हणून अर्जाआधी चार-पाच पानांची कार्यपद्धती कार्यकारिणीत ठरावाने मंजूर करून इतिवृत्तात घ्यावी.

संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली नोंदणी (किमान ७ सभासद), संस्थेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते ही पहिली पायरी. केंद्राच्या योजनांसाठी दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे केंद्राचे संकेतस्थळ) क्रमांकही लागतो. सोबत संस्थेची घटना (नियमावली), लेखापरीक्षित ताळेबंद, अर्जाचा ठराव, खर्चाचा अंदाज आणि कार्यकारिणीची यादी. ही यादी जुनी निघते, कारण निवडणूक झाली तरी नवी नावे निबंधकांकडे जात नाहीत. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत ती द्यायची असते. बांधकाम करायचे असल्यास एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-वहिवाटीची सरकारी नोंद) आधी पाहा. जागा देवस्थानची किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था) असेल, तर त्यांचे लेखी संमतीपत्र हाती घेऊनच अंदाजपत्रक करा.

कार्यपद्धतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामांची वाटणी. मागणी एकाने करावी, मंजुरी दुसऱ्याने द्यावी, धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात. खजिनदार कितीही विश्वासू असला तरी तिन्ही कामे त्याच्याकडे नकोत. त्यात त्याचेही संरक्षण आहे. अनुदानाला स्वतंत्र खाते ठेवा. प्रत्येक बिलावर मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि खर्चाचे शीर्ष लिहा. आदेश १० जुलैचा आणि पेटीचे (हार्मोनियमचे) बिल २८ जूनचे, असे झाले की तो खर्च सहसा नामंजूर होतो. आधी खर्च, मग परतफेड अशी योजना असेल तर गोष्ट वेगळी. मंडपाचे पैसे मानधनाला वळवायचे झाल्यास आधी लेखी परवानगी घ्या.

केंद्रीय अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. राज्याच्या योजनेत तिची अधिसूचना आणि मंजुरी आदेश प्रमाण. केंद्राला विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) नमुना १२-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यावे लागते. इथे व्याज हटकून विसरले जाते. समजा २,००,००० रुपये मिळाले, १,८७,५०० खर्चले आणि खात्यावर १,१४० व्याज जमा झाले. शिल्लक १२,५०० नव्हे, १३,६४० दाखवायची. व्याजावर संस्थेचा हक्क नाही.

अनुदानातून घेतलेल्या वस्तू पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाहीत. पेटी आणली त्याच दिवशी तिच्यावर रंगाने क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक, बिलाच्या तारखेसह, मालमत्ता नोंदवहीत चढवावा.