हवाई अंतर व प्रवासकाळ

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी होय. पृथ्वी गोल मानल्यास ही रेषा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने कापलेल्या वर्तुळाचा, कंस असते. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून केंद्रापाशी होणारा कोन काढला, की दर अंशाला सुमारे १११ किलोमीटर या हिशेबाने अंतर मिळते. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

मुंबई–लंडन (हीथ्रो) हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर (अक्षांश-रेखांश सरळ आडव्या-उभ्या रेषांनी दाखवणाऱ्या) नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेषा ओढली, तर ती बगदादच्या आसपासून जाते; बृहद्वृत्त मात्र बरेच उत्तरेला वळून कॉकेशसमधील तिबिलिसीजवळून जाते आणि तरीही सुमारे २०० किलोमीटरने आखूड भरते. प्रत्यक्षात विमान या कंसावरूनही तंतोतंत जात नाही. नेमून दिलेले हवाई मार्ग, युद्धक्षेत्रे आणि बंद हवाई हद्दी यांना वळसा घालावा लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांचे मार्ग लांबले.

प्रवासकाळ अंतराइतका स्थिर नसतो, हे मुंबई–दिल्ली मार्गावर विशेष स्पष्ट दिसते. अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते एक तास वीस मिनिटांत कापले जावे, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दाखवलेला असतो. हा ‘ब्लॉक टाइम’ असून तो विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी ठरल्या जागी थांबेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणाची रांग, वर चढण्याचा व खाली उतरण्याचा मंद टप्पा आणि गर्दीतील घिरट्या हे सारे येते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्र वापर करता येत नाही. पावसाळ्यात दृश्यमानता घटली की रांग आणखी वाढते. म्हणून नुसत्या अंतराला वेगाने भागून काढलेला वेळ मुंबईच्या प्रवाशाने नियोजनासाठी वापरू नये.

वाऱ्याचाही परिणाम मोठा असतो. समशीतोष्ण पट्ट्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह विमानाला पुढे ढकलतात किंवा अडवतात, त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना सहसा जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. हिवाळ्यात हा प्रवाह उत्तर भारतावरही सरकतो.

घड्याळातील वेळ हा आणखी वेगळा हिशेब आहे. दुबई मुंबईपासून सुमारे १,९३० किलोमीटरवर असून तेथील घड्याळ दीड तास मागे आहे. सकाळी दहाला निघालेले विमान सव्वातीन तासांनी पोहोचले, तर तेथे पावणेबाराच वाजलेले असतात.

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. हा विमानतळ जुन्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर असल्याने लांबच्या हवाई अंतरांत नगण्य फरक पडतो. पनवेल किंवा बोरिवलीहून निघणाऱ्या प्रवाशाच्या एकूण प्रवासकाळात मात्र रस्त्यावरचा हा फरक तासाहून अधिक असू शकतो.