एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन

ब्रिटिश अमदानीतील मुंबईची पाश्चात्त्य पद्धतीची शिक्षणसंस्था. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे बहुतेक पुढारी येथे शिकले, शिकवू लागले किंवा तिच्या कारभारात होते.

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ शहरातील नागरिकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला. त्यातून विलायतेहून प्राध्यापक आणले गेले. त्यांपैकी ऑर्लिबार यांच्या हाताखाली बाळशास्त्री जांभेकर साहाय्यक प्राध्यापक झाले. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढणाऱ्या बाळशास्त्र्यांनी कुलाबा वेधशाळेचेही काम पाहिले. 1846 मध्ये, ऐन चौतिशीत, ते वारले. मराठी विद्येचे हे मोठे नुकसान होते.

1840 मध्ये नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा आणि हे प्राध्यापकांचे वर्ग एकत्र करून इन्स्टिट्यूशन उभी राहिली. देखरेखीसाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले गेले. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट त्याचे सभासद होते. 1847 च्या सुमारास बोर्डाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला. शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा या तिघा भारतीय सभासदांनी त्याला विरोध केला. बोर्डाचे इंग्रज सभासद कर्नल जर्विस त्यांच्या बाजूने होते. सामान्य माणसापर्यंत विद्या न्यायची तर ती त्याच्याच भाषेतून दिली पाहिजे, हे नानांचे म्हणणे. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता, हे विसरता कामा नये. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांसाठीच त्यांनी आयुष्य वेचले होते. प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व वरचे इंग्रजीतून, अशी विभागणी पुढे रूढ झाली.

1848 मध्ये इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्यात अग्रभागी होते. निबंध वाचण्यावर ही मुले थांबली नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपले वर्ग भरण्याआधी, सकाळच्या वेळी, तेथे विनावेतन शिकवले. मुलींना लिहायला-वाचायला शिकवणे लोकांना खपत नव्हते, अशा काळात शंकरशेटांनी आपल्या वाड्यात या कामासाठी जागा दिली. इन्स्टिट्यूशनच्या साऱ्या इतिहासात याहून मोलाचे काम दाखवणे अवघड आहे.

26 ऑगस्ट 1852 रोजी बाँबे असोसिएशन ही राजकीय संघटना स्थापन झाली, तीही याच मंडळींच्या बळावर. अध्यक्ष शंकरशेट, चिटणीसपदी डॉ. भाऊ दाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे, म्हणजे राज्य चालवण्याच्या परवान्याचे, नूतनीकरण 1853 मध्ये व्हायचे होते. त्याआधीच असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज पाठवून राज्यकारभारातील दोष मांडले.

1856 मध्ये इन्स्टिट्यूशनचे हायस्कूल आणि कॉलेज वेगळे झाले. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघाले. 1862 मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते.