डेटाबेस एकच, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी

भोसरीतल्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत हिशेबाचा डेटाबेस विंडोज सर्व्हरवर चालतो, हिंजवडीतल्या कंपनीत तोच डेटाबेस लिनक्सवर असतो, आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारा अभियंता कोथरूडला घरी बसून मॅकवर त्याची चाचणी घेतो. तिन्ही ठिकाणी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी, म्हणजे माहितीसाठी विचारलेला प्रश्न, अक्षरशः तीच असते आणि उत्तरही तेच यावे अशी सर्वांची अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत मांडणाऱ्या, डेटाबेसची कल्पना मांडली, तेव्हा माहिती यंत्रात कशी रचून ठेवली आहे हे जाणण्याच्या जबाबदारीतून वापरणाऱ्याला मोकळे करणे हाच त्यांचा मुख्य हेतू होता. वापरणारा त्यातून खरोखरच मोकळा झाला. पण ती जबाबदारी नाहीशी झाली नाही, ती डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडे, म्हणजे डीबीएकडे, गेली. डेटाबेस जी आश्वासने देतो त्यांतली बरीचशी तो खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या भरवशावर देत असतो, आणि प्रत्येक सिस्टिमचा भरवसा निराळ्या प्रकारचा असतो.

वरवर दिसणारे फरक लवकर अंगवळणी पडतात. ओरॅकल हा डेटाबेस लिनक्सवर चालू असताना लॉग (बदलांची नोंदवही) लिहिणारी, डेटा फायली लिहिणारी, देखरेख करणारी अशा अनेक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, दिसतात. विंडोजवर हीच सारी कामे एकाच प्रोसेसच्या पोटातले थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, करतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लिनक्सवर टेबलाच्या नावातले इंग्रजी लहान-मोठे अक्षर वेगळे धरले जाते, विंडोजवर धरले जात नाही. त्यामुळे विंडोजवर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर गेल्यावर ‘असे टेबलच नाही’ म्हणून अडतो. हे दोष निदान लगेच समोर येतात. खरी काळजी आवाज न करणाऱ्या दोषांची करायला हवी.

त्यातला पहिला डिस्कवर लिहिण्याशी निगडित आहे. आपण पैसे भरले आणि पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण’ असे आले, की नंतर वळवाच्या पावसात वीज गेली तरी ती नोंद टिकली पाहिजे, हे रिलेशनल डेटाबेसचे मूलभूत वचन आहे. त्यासाठी डेटाबेस आधी प्रत्येक बदल लॉगमध्ये लिहितो आणि लॉग डिस्कवर पोहोचल्याची खात्री झाल्यावरच होकार देतो. परंतु डिस्कवर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे असते, आणि ती वेग मिळावा म्हणून मजकूर आधी मेमरीत धरून ठेवते व सवडीने डिस्कवर उतरवते. म्हणून डेटाबेस तिला ‘आत्ताच उतरव’ अशी विनंती करतो. लिनक्स आणि युनिक्स घराण्यात या विनंतीचे नाव एफसिंक असे आहे. मॅकवर साध्या एफसिंकने मजकूर डिस्कपर्यंत जातो, पण डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून बाहेर पडून कायमचा लिहिला गेला की नाही याची हमी मिळत नाही. त्यासाठी वेगळी, अधिक कडक विनंती करावी लागते. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस फायली उघडतानाच मधला साठा टाळून थेट लिहिण्याची सूचना देतो. तेव्हा एखाद्या यंत्रावर डेटाबेस आश्चर्यकारक वेगाने चालत असेल, तर कौतुक करण्याआधी तो डिस्कची वाट पाहतो आहे का हे तपासावे, असे माझे मत आहे. पोस्टग्रेस या डेटाबेससोबत यासाठी चाचणीचे छोटे साधनही मिळते.

२०१८ साली याच एफसिंकने पोस्टग्रेसच्या जाणकारांची झोप उडवली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती चूक एकदा कळवत असे, परंतु त्यानंतर मेमरीतले ते पान (मजकुराचा तो तुकडा) ‘लिहून झाले’ अशा खुणेने मोकळे करत असे. पोस्टग्रेसची समजूत अशी होती, की विनंती फसली तर ती पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी कर्नल ‘सर्व ठीक’ असे उत्तर देई, कारण त्याच्या लेखी लिहायचे काही उरलेलेच नसे. आणि त्या उत्तरावर विसंबून डेटाबेस लॉगच्या त्या भागाची आता गरज नाही असे मानत असे. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टिमवर मात्र असे पान न लिहिलेलेच समजले जाई, त्यामुळे दुसरा प्रयत्न खरोखर दुसरा प्रयत्न ठरे. एकच प्रोग्रॅम, एकच विनंती, आणि दोन सिस्टिमांवर तिचे दोन अर्थ, तेही अनेक वर्षे कोणाच्या लक्षात न येता! फेब्रुवारी २०१९च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक फसताच स्वतःला थांबवतो आणि लॉगवरून सारे पुन्हा उभे करतो. हा उपाय कठोर वाटला तरी योग्य आहे, कारण बंद पडलेला डेटाबेस दिसतो, हरवलेली नोंद दिसत नाही.

मेमरीच्या बाबतीत थोडक्यात एवढे सांगता येईल, की लिनक्स साधारणपणे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी देऊ करतो आणि ती खरोखर संपली की एखादी प्रोसेस ठार करतो. अनेकदा ती सर्वांत मोठी, म्हणजे डेटाबेसचीच, निघते. विंडोज असे वाढीव आश्वासन देत नाही, तो मागणीच नाकारतो. त्याच्यावर वेगळी अडचण उद्भवते ती अँटिव्हायरसची: डेटाबेसची फाइल तपासण्यासाठी त्याने धरून ठेवली, की डेटाबेसला ती बदलता येत नाही. म्हणून डेटाचे फोल्डर त्या तपासणीतून वगळणे हे विंडोजवरचे पहिले काम ठरते.

अक्षरांच्या क्रमाचा प्रश्न मराठी वाचकांच्या विशेष जवळचा आहे. ‘काळे’ आणि ‘कासार’ या आडनावांत आधी कोणते? मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, त्यामुळे कासार आधी. संगणकाच्या युनिकोड क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘स’च्या आधी आहे, नुसत्या क्रमांकांवर भरवसा ठेवला तर काळे आधी येतात. कोणता नियम लावायचा हे ठरवणाऱ्या कोष्टकाला कोलेशन म्हणतात. मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर ही कोष्टके स्वतःबरोबर बाळगतात. पोस्टग्रेस मात्र पहिल्यापासून ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेत आला.

यात यादीच्या सुबकतेहून मोठी गोष्ट गुंतलेली आहे. डेटाबेसचा इंडेक्स हजेरीपटासारखा क्रमाने लावलेला असतो, आणि शोधताना प्रत्येक टप्प्यावर ‘हवे ते नाव याच्या आधी की नंतर’ एवढेच विचारत डेटाबेस पुढे सरकतो. इंडेक्स एका नियमाने रचला आणि शोध दुसऱ्या नियमाने घेतला, तर तो चुकीच्या फांदीवर जातो आणि टेबलात असलेली नोंद ‘नाही’ म्हणून सांगतो. ती सापडली नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा भरली जाते, आणि एका क्रमांकाची एकच नोंद असावी हा निर्बंधही निकामी होतो. ऑगस्ट २०१८मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत वर्णक्रमाची कोष्टके बदलली, आणि नेमके हेच घडू लागले. ‘१-१’ आणि ‘११’ यांत पूर्वी ११ आधी येई, नंतर १-१ आधी येऊ लागले. सुट्या भागांच्या क्रमांकांत जोडरेघ वापरणाऱ्या कुठल्याही कारखान्याला हा बदल लागू पडतो. डेबियन १० किंवा रेड हॅट ८ या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर जाताना डेटाबेसला कोणी हात लावला नाही, फक्त खालची सिस्टिम नवी केली, तरी इंडेक्स बिघडले.

वर्णक्रमाची कोष्टके पुरवणारी आयसीयू ही स्वतंत्र लायब्ररी वापरण्याची सोय पोस्टग्रेसने २०१७ सालीच दिली होती. पुढे त्याने सिस्टिमच्या कोलेशनची आवृत्ती बदलली तर इशारा देणे सुरू केले, आणि १७ व्या आवृत्तीत सिस्टिमवर न विसंबणारा एक अंगभूत क्रमही आणला. तरीही एका सिस्टिमवरून दुसरीवर जाताना डेटाच्या फायली जशाच्या तशा उचलून नेण्याचा मोह टाळलेला बरा. पीजी-डंपसारख्या साधनाने माहिती मजकुराच्या रूपात काढून नव्या ठिकाणी भरली, की इंडेक्स तिथल्याच नियमाने नव्याने रचले जातात. एका लिनक्सवरून दुसऱ्या लिनक्सवर जाताना माहिती फार मोठी असल्याने फायलीच न्याव्या लागल्या, तर मजकुराच्या स्तंभांवरचे सर्व इंडेक्स पुन्हा बांधावेत, ॲमचेक या पोस्टग्रेसच्या साधनाने त्यांची तपासणी करावी, आणि ते पूर्ण होईपर्यंत नव्या सर्व्हरवर एकही नवी नोंद भरू देऊ नये.